कागदावरचा हीट पंप आणि बेसमेंटमधला हीट पंप

युटिलिटी, म्हणजे वीजपुरवठा कंपनी, कमी ऊर्जा खाणारं यंत्र बसवल्यावर जे पैसे परत देते त्या रिबेटबद्दल आपल्या लोकांत दोन टोकांची मतं ऐकू येतात. काही जण म्हणतात, "फुकटचे पैसे आहेत, घेऊन टाका." काही म्हणतात, "त्या कागदपत्रांच्या नादी लागू नका, शेवटी काही मिळत नाही." मी घरांच्या ऊर्जा-तपासणीचं काम करतो. माझा अनुभव असा की रिबेट मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. खालचं प्रकरण न्यू इंग्लंडमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. नावं, गाव, युटिलिटी आणि कॉन्ट्रॅक्टर यांची ओळख काढून टाकली आहे आणि रकमा पूर्णांकात दिल्या आहेत. घरातल्या कर्त्या बाईंना मी वहिनी म्हणतो, इथेही तसंच म्हणेन.

पार्श्वभूमी

घर १९७०च्या दशकातलं, दोन मजली, सुमारे २,१०० चौरस फुटांचं. बेसमेंटमध्ये तेलावर चालणारी फर्नेस आणि तेलाची टाकी. फर्नेसच्याच डक्टमधून, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळांतून, उन्हाळ्यात थंड हवा देणारा जुना सेंट्रल एसी. राहणारे पाच जण: नवरा-बायको, दोन मुलं आणि वर्षातला बराच काळ इथेच असणाऱ्या आजी.

मार्च २०२५ मध्ये फर्नेसच्या वार्षिक सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाने हीट एक्स्चेंजरवर गंज दाखवला आणि पुढचा हिवाळा या फर्नेसवर काढू नका, असं स्पष्ट सांगितलं. हीट एक्स्चेंजरला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो, त्यामुळे हा सल्ला टाळण्यासारखा नव्हताच. एसीही वीस वर्षांच्या घरात आलेला होता.

हे मार्चमध्ये कळलं, ही मोठी जमेची बाजू. बहुतेक घरांत फर्नेस जानेवारीच्या एखाद्या रात्री बंद पडते, आणि मग जो कॉन्ट्रॅक्टर उद्या येऊ शकतो त्याच्याकडे जे यंत्र असेल ते बसवलं जातं. रिबेटच्या पायऱ्यांना आठवडे लागतात. थंडीत कुडकुडणाऱ्या घराकडे तेवढा वेळ नसतो.

प्रश्न काय होता

वरवर पाहता प्रश्न सोपा होता: नवीन फर्नेस आणि नवीन एसी घ्यायचा, की दोन्हींच्या जागी एकच हीट पंप? हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी. उन्हाळ्यात तो घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेतून उष्णता ओढून आत आणतो.

त्यात तीन पदर एकमेकांत गुंतले होते. युटिलिटीचं रिबेट यंत्राच्या क्षमतेच्या दर टनामागे २,००० डॉलर, कमाल ८,००० होतं, पण ते थंड हवामानासाठीच्या मान्य यादीतल्या यंत्रालाच आणि हीट पंप हाच घराचा मुख्य उबेचा स्रोत असेल तरच. दुसरा पदर केंद्र सरकारच्या टॅक्स क्रेडिटचा: पात्र हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला कमाल २,००० डॉलर. २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमध्ये हे क्रेडिट २०३२ पर्यंत दिलं होतं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या नव्या कायद्याने ते ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांसाठी बंद केलं. वसंतात निवांत वाटणारं काम जुलैमध्ये एकाएकी घाईचं झालं.

तिसरा पदर रेफ्रिजरंटचा, म्हणजे यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचा. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत घरगुती वापराची नवी यंत्रं आर-४१०ए वापरून बनवायला बंदी आली. त्याच्या जागी आर-४५४बी आणि आर-३२ आले. सगळी बाजारपेठ एकदम वळली आणि त्या वर्षीच्या वसंत-उन्हाळ्यात आर-४५४बी च्या सिलिंडरांची टंचाई झाली. यंत्रांची काही मॉडेलंही वेळेवर मिळेनात. या तिसऱ्या पदराकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, आणि घोळ तिथेच झाला.

तोललेले पर्याय

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने फर्नेसवरची पाटी वाचली (ताशी १,००,००० बीटीयू; बीटीयू हे उष्णतेचं एकक), घराचं क्षेत्रफळ विचारलं आणि ५ टनांचा हीट पंप सुचवला. किंमत २४,००० डॉलर. "रिबेटही पूर्ण ८,००० मिळेल," हे त्याने दोनदा सांगितलं.

दुसऱ्याने घर खोलीखोलीने मोजलं, खिडक्या आणि ॲटिक पाहिलं आणि मॅन्युअल जे या प्रमाणित पद्धतीने घराला किती उष्णता लागते याचा हिशेब केला. त्याचं उत्तर ३ टन, किंमत १९,५०० डॉलर.

तिसरा पर्याय नवीन तेलाची फर्नेस आणि नवीन एसी: दोन्ही मिळून १७,०००, रिबेट जवळजवळ नाही.

नवरोबांचा कल पहिल्याकडे होता. मोठं यंत्र, मोठं रिबेट, आणि आजींना थंडी वाजायला नको. दुसरा कॉन्ट्रॅक्टर कदाचित स्वस्तात काम उरकू पाहतोय, अशी त्यांना शंका होती. ती दूर करायला मी त्यांच्याच तेलाच्या बिलांवरून हिशेब मांडला. हा हिशेब कुणालाही करता येतो, म्हणून तो पूर्ण देतो.

वर्षाला सरासरी ७०० गॅलन तेल. एका गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू असतात, आणि ८० टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून त्यातले १,१०,८०० घरात येतात. म्हणजे वर्षभरात सुमारे ७ कोटी ७५ लाख बीटीयू. त्या भागात वर्षाला ६,००० च्या आसपास हीटिंग डिग्री-डे असतात, म्हणजे रोजचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या किती अंश खाली होतं त्याची वर्षभराची बेरीज. त्याला २४ ने गुणून वरच्या आकड्याला भागलं, की बाहेरचं तापमान एक फॅरनहाइटने उतरलं तर घराला ताशी किती जास्त उष्णता लागते ते कळतं: सुमारे ५४० बीटीयू. वर्षातल्या सर्वांत कडक थंडीचं डिझाइन तापमान ७ फॅरनहाइट आणि डिग्री-डेचा आधार ६५, म्हणजे फरक ५८. गुणाकार केला की ताशी ३१,००० बीटीयूच्या आसपास येतो.

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. पाच टन म्हणजे ६०,०००, घराच्या गरजेच्या जवळजवळ दुप्पट. फर्नेसच्या पाटीवरचा आकडा घराची गरज सांगत नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी "असू दे मोठी" म्हणून बसवलेल्या फर्नेसची ती क्षमता होती. शिवाय हीट पंपाला टनामागे मिनिटाला ४०० घनफूट हवा लागते. पाच टनांना २,०००, आणि घरातले डक्ट १,२०० च्या आसपास हवा वाहतील असे. त्या डक्टांत मोठं यंत्र घोंघावत, सतत चालू-बंद होत राहिलं असतं आणि उन्हाळ्यात हवेतला दमटपणाही नीट काढला नसता.

पैशांतही मोठं रिबेट महाग पडत होतं. पाच टनाला ८,००० रिबेट आणि २,००० क्रेडिट वजा जाता खिशातून १४,०००. तीन टनाला ६,००० रिबेट आणि तेच २,००० क्रेडिट वजा जाता ११,५००. रिबेट २,००० डॉलरनी कमी, तरी खर्च २,५०० नी कमी. टनामागे पैसे देणाऱ्या योजनेचा हा दोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे: ती नकळत मोठं यंत्र घ्यायला ढकलते.

फर्नेस-एसीचा पर्याय १७,०००चा, म्हणून तो बाजूला पडला. पण इंधनाच्या बचतीबद्दल मी त्यांना गुलाबी चित्र दाखवलं नाही. एक गॅलन तेल जेवढी ऊब देतं तेवढी द्यायला, हंगामी सीओपी (खर्चलेल्या विजेच्या किती पट ऊब मिळते तो आकडा) २.७ धरला तर, हीट पंपाला सुमारे १२ युनिट वीज लागते. त्यांची वीज २९ सेंट युनिट, म्हणजे ३ डॉलर ४८ सेंट. तेल ते साधारण ३ डॉलर ६० सेंटने घेत होते. फरक नगण्य. जिथे वीज महाग आहे तिथे हीट पंप इंधनखर्च आपोआप निम्मा करत नाही, आणि तसं सांगणाऱ्याकडून हा गुणाकार करून घ्यावा. खरी बचत घराची गळती बुजवण्यात होती.

केलेली कृती

म्हणून पहिली पायरी इन्सुलेशनची. युटिलिटीची मोफत तपासणी एप्रिलमध्ये झाली. ॲटिकमधलं इन्सुलेशन तुटपुंजं आणि बेसमेंटच्या कडेने हवेची गळती, असं त्यात निघालं. या कामाचा खर्च ५,२०० डॉलर, त्यातला ७५ टक्के भाग युटिलिटीने उचलला आणि घराने १,३०० दिले. हा पैसा युटिलिटी दानधर्म म्हणून देत नाही. बऱ्याच राज्यांत तो सर्व ग्राहकांच्या बिलातल्या एका छोट्या आकारातून जमा होतो, आणि नवी वीजनिर्मिती आणि वाहिन्या उभारण्यापेक्षा मागणी कमी करणं स्वस्त पडतं म्हणून नियामक त्याला मान्यता देतात. तुम्ही तो आकार दरमहा भरतच असता.

इन्सुलेशन झाल्यावर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने हिशेब नव्याने केला: २८,००० बीटीयू. निवडलेलं तीन टनी यंत्र उणे १५ सेल्सिअसला, म्हणजे ५ फॅरनहाइटला, २९,००० देतं असं उत्पादकाच्या तक्त्यात होतं. एनर्जी स्टार या कार्यक्षम यंत्रांच्या सरकारी मानांकनाच्या थंड-हवामान वर्गात बसायला याच तापमानाला सीओपी निदान १.७५ आणि ४७ फॅरनहाइटच्या क्षमतेच्या निदान ७० टक्के क्षमता लागते. यंत्र त्यात बसत होतं. आजींच्या काळजीपोटी डक्टमध्ये एक छोटी इलेक्ट्रिक हीटर पट्टीही घेतली.

जूनमध्ये रिबेटची पूर्वमंजुरी आली आणि करारावर सही झाली. या सहीच्या वेळचा एक निर्णय पुढे सगळं तारून गेला. वहिनी नोकरीत खरेदी विभाग सांभाळतात. त्यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या छापील करारात दोन वाक्यं वाढवून घेतली. एकात बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही युनिटांचे पूर्ण मॉडेल नंबर आणि एएचआरआय प्रमाणपत्राचा नंबर होता. दुसऱ्यात लेखी संमतीशिवाय बदल केला आणि त्यामुळे रिबेट गेलं, तर दुरुस्ती कॉन्ट्रॅक्टरच्या खर्चाने होईल असं होतं. कॉन्ट्रॅक्टरने फारशी कुरकुर न करता सही केली.

एएचआरआय ही यंत्रांची कामगिरी प्रमाणित करणारी उद्योगसंस्था. तिचं प्रमाणपत्र एकट्या बाहेरच्या युनिटाला नसतं, ते बाहेरचं आणि आतलं युनिट यांच्या जोडीला असतं. आतल्या कॉइलचा आकार, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, पंख्याची मोटर यांतलं काहीही बदललं तर तेच बाहेरचं युनिट वेगळा सीअर-२ आणि वेगळा एचएसपीएफ-२ देतं. पहिला आकडा थंडाव्याच्या हंगामाची कार्यक्षमता, दुसरा उबेच्या. रिबेट देणारे हाच जोडीचा नंबर पाहतात.

अडचण

सप्टेंबरच्या अखेरीस यंत्र बसलं, छान चाललं, पूर्ण पैसे दिले गेले. ऑक्टोबरमध्ये रिबेटचा अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा: बसवलेल्या यंत्राचा नंबर पूर्वमंजुरीशी जुळत नाही.

बेसमेंटमध्ये जाऊन पाटी वाचली तेव्हा उलगडा झाला. बाहेरचं युनिट ठरलेलंच होतं. आतला एअर हँडलर मात्र त्याच उत्पादकाचा, दिसायला तसाच, पण साध्या मोटरचा. ठरलेलं मॉडेल गोदामात नव्हतं, तारीख टळू नये म्हणून कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी मिळालं ते बसवलं आणि ऑफिसने जुन्याच नंबरांचं बिल पाठवलं. एएचआरआयची यादी कुणालाही पाहता येते, ती पाहिली. या नव्या जोडीचा एचएसपीएफ-२ ७.९ होता. डक्टच्या यंत्रांसाठी थंड-हवामान वर्गाची किमान अट ८.१. फरक शून्य पूर्णांक दोनचा, पण ६,००० डॉलरचं रिबेट त्यामुळे अडलं आणि तेवढीच पात्रता मागणारं २,००० चं टॅक्स क्रेडिटही धोक्यात आलं.

कॉन्ट्रॅक्टरने तीन प्रस्ताव दिले. पहिला, जुन्याच नंबरांनी अर्ज पुन्हा पाठवू, कोण तपासायला येतंय. दुसरा, १,५०० डॉलर परत देतो, विषय संपवू. तिसरा, जरा नाखुशीने, ठरलेलं युनिट मिळालं की बदलून देतो, पण कधी ते सांगता येणार नाही.

त्या रात्री वहिनींचा फोन आला. "दादा, पहिलं तर आम्ही करणार नाही. पण दुसरं घ्यावं का? यंत्र चाललंय छान. आजींना पुन्हा धूळ आणि ठोकाठोकी नको."

पहिल्याबद्दल त्यांचं बरोबरच होतं. पाट्यांचे फोटो अर्जासोबत मागतात, काही घरांत प्रत्यक्ष तपासणीही होते, आणि खोट्या कागदावर सही घरमालकाची असते. दुसऱ्याबद्दल मी विचारलं, की ८,००० च्या बदल्यात १,५०० का घ्यायचे, जेव्हा करारात तुमच्या हाताने लिहिलेलं वाक्य आहे? तरीही हा निर्णय मला वाटला तितका सरळ नव्हता. युनिट डिसेंबरमध्ये आलं नाही, तर क्रेडिटची मुदत गेली असती. बदलताना यंत्रातला रेफ्रिजरंट काढून घ्यावा लागतो आणि पुन्हा भरावा लागतो, त्यासाठी टंचाईतलं सिलिंडर लागतं. भर थंडीत घराची ऊब बंद ठेवायची नव्हती.

मधला मार्ग नवरोबांनी सुचवला. त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला भांडणाचा सूर न लावता लिहिलं: करारातल्या कलमानुसार युनिट १५ नोव्हेंबरपर्यंत बदलून द्यावं, ते मिळत नसेल तर एएचआरआयच्या यादीतलं, याच बाहेरच्या युनिटाशी पात्र ठरणारं दुसरं कुठलंही आतलं युनिट चालेल. सोबत यादीतले असे पात्र नंबर जोडले. एकाच मॉडेलवर अडून न बसल्याने कॉन्ट्रॅक्टरला बाजारात शोधायला वाव मिळाला. युटिलिटीलाही कळवलं की अर्ज मागे घेत नाही, दुरुस्त करून पाठवतो आहोत, आणि पूर्वमंजुरीची मुदत वाढवून घेतली.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाचं युनिट मिळालं. एका दिवसात बदल झाला, खर्च कॉन्ट्रॅक्टरचा. नव्या जोडीचं प्रमाणपत्र, दुरुस्त बिल आणि पाट्यांचे फोटो असा अर्ज पुन्हा गेला आणि नव्या वर्षात ६,००० चा चेक आला. टॅक्स क्रेडिटसाठी यंत्र २०२५ संपण्याआधी पात्र स्वरूपात चालू झालं होतं.

क्रेडिटचा हिशेब करताना रिबेट आधी वजा करावं लागलं: १९,५०० मधून ६,००० गेले, उरलेल्या १३,५०० चे ३० टक्के ४,०५०, पण मर्यादा २,०००. घराला ऊर्जाबचतीसाठी युटिलिटीने दिलेलं असं अनुदान केंद्राच्या कायद्यात उत्पन्न धरलं जात नाही, म्हणून खर्चातून ते वगळावं लागतं. २०२५ च्या यंत्रांसाठी टॅक्सच्या फॉर्म ५६९५ वर उत्पादकाचा ओळख क्रमांकही लागत होता. वहिनींनी तो उत्पादकाकडून आधीच मागवून ठेवला होता. हे क्रेडिट तुमच्या देय टॅक्सपुरतंच मिळायचं आणि उरलेलं पुढच्या वर्षी नेता येत नव्हतं. या घराला त्याची अडचण आली नाही, पण कमी टॅक्स भरणाऱ्या निवृत्त माणसांना यायची.

इन्सुलेशनसकट खिशातून एकूण १२,८०० गेले. पहिल्या हिवाळ्यात सीओपी २.५ च्या आसपास निघाला, आम्ही धरलेल्या २.७ पेक्षा कमी. त्यामुळे तेलाच्या तुलनेतली बचत जवळजवळ सगळी इन्सुलेशनची आहे, हे मी त्यांना तसंच सांगितलं.

सुरुवातीला आजींची तक्रार होती: "याच्यातून गरम वारा येतच नाही." बरोबर आहे. फर्नेसची हवा पन्नास-साठ अंश सेल्सिअसची असते, हीट पंपाची साधारण चाळिसाच्या आसपास. तो कमी गरम हवा जास्त वेळ देतो. रात्री थर्मोस्टॅट खाली उतरवण्याची जुनी सवय सोडून तापमान दिवसरात्र एकच ठेवल्यावर पहाटेचा गारठा गेला आणि ती हीटर पट्टीही क्वचितच लागली. फर्नेस जाऊन झोपेत येणारा तिचा धडधडाट थांबला, हे आजींना सगळ्यांत आवडलं.

वेगळं काय करता आलं असतं

यंत्र घरी उतरवलं त्या सकाळी, जोडायच्या आधी, दोन्ही पाट्यांचा फोटो काढून करारातल्या नंबरांशी ताडून पाहिला असता तर सगळा नोव्हेंबर वाचला असता. पाच मिनिटांचं काम आहे, आणि घरमालकाने स्वतः करावं. बसवणाऱ्या माणसांना रिबेटच्या अटी माहीत असतीलच असं नाही.

पूर्ण पैसे सप्टेंबरमध्येच दिले गेले, तेही टाळता आलं असतं. शेवटचा हप्ता पाट्या आणि प्रमाणपत्र जुळेपर्यंत राखून ठेवायला बरेच कॉन्ट्रॅक्टर तयार होतात, पण हे करारातच लिहून घ्यावं लागतं. या घरात नुसत्या कलमावर भागलं, कारण कॉन्ट्रॅक्टर मुळात सरळ होता. धंदा गुंडाळणाऱ्या माणसाविरुद्ध कलम असून काय उपयोग?

तिसरी गोष्ट वेळेची. इन्सुलेशनचं काम एप्रिल-मेमध्ये झालं, पण कराराला जून उजाडला, कारण पहिल्या आणि दुसऱ्या प्रस्तावात घर बरेच आठवडे अडकून पडलं. तेलाच्या बिलांचा हिशेब मार्चमध्येच झाला असता तर पाच टनांचा प्रस्ताव त्याच दिवशी बाजूला पडला असता, आणि मॉडेलांची टंचाई वाढायच्या आत मागणी गेली असती. आता नवीन घरात तपासणीला जाताना मी आधीच सांगतो, की मागच्या दोन हिवाळ्यांची इंधनाची बिलं टेबलावर काढून ठेवा.